३१९ पानांचा हिशेब आणि चार दिवसांत घूमजाव: इंग्लंडच्या २०२० च्या ए-लेव्हल निकालांचं प्रकरण

शिक्षणातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांवर चर्चा सुरू झाली की इंग्लंडमधल्या २०२० च्या ए-लेव्हल निकालांचा दाखला हमखास निघतो. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या आणि मुलांच्या ग्रेड एका सूत्राने ठरवल्या गेल्या, ते हे प्रकरण. गंमत अशी की त्या प्रकरणात कृत्रिम बुद्धिमत्ता जवळपास नव्हतीच. स्वतःहून शिकणारं यंत्र नव्हतं, न्यूरल नेटवर्क नव्हतं. होती ती टक्केवारी, क्रमवारी आणि मागच्या वर्षांशी तुलना. संख्याशास्त्राचा एखादा चिकाटीचा विद्यार्थी स्प्रेडशीटवर करू शकेल असा हिशेब. तरी हे प्रकरण मुळापासून पाहण्याजोगं आहे, आणि ते नेमकं याच कारणासाठी. हिशेब साधा होता म्हणून त्यात राजकीय निर्णय कुठे दडला होता ते दाखवता येतं, आणि लोकांनी तो उलटवला कसा हेही.

मार्चमधलं पत्र

१८ मार्च २०२० ला शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी शाळा बंद होत असल्याचं आणि त्या उन्हाळ्यातल्या परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर केलं. ए-लेव्हल ही साधारण बारावीच्या तोडीची परीक्षा. अठराव्या वर्षी बहुतेक मुलं तीन विषय घेऊन ती देतात. विद्यापीठांनी त्याआधीच सशर्त प्रवेश देऊ केलेले असतात: अमुक विषयात ए आणा, तमुक विषयात बी आणा, जागा तुमची. त्यामुळे एका विषयातली एक ग्रेड खाली आली तरी जागा हातची जाऊ शकते.

परीक्षाच नाही तर ग्रेड द्यायची कशावर? हे काम ऑफक्वाल या इंग्लंडच्या परीक्षा नियामकाकडे आलं. संस्थेचे अध्यक्ष रॉजर टेलर यांनी पुढे सप्टेंबरमध्ये संसदेच्या शिक्षण समितीसमोर सांगितलं की त्यांचा पहिला सल्ला अंतर राखून परीक्षा घेण्याचा होता. परीक्षा रद्द करण्याचा निर्णय मंत्र्यांचा. निर्णय झाल्यावर ३१ मार्चला मंत्र्यांचं निर्देशपत्र आलं. त्याचा गाभा असा: यंदाच्या ग्रेडची एकूण वाटणी शक्य तितकी मागच्या वर्षांसारखी दिसली पाहिजे.

माझ्या मते पुढचं सगळं रामायण या एका अपेक्षेतून घडलं, आणि ही अपेक्षा मूर्खपणाची नव्हती हे आधी मान्य करायला हवं. शिक्षकांना नुसत्या ग्रेड द्यायला सांगितल्या तर त्या फुगतात. त्यात लबाडी असलीच पाहिजे असं नाही. समजा वर्गात दहा मुलं ए आणि बीच्या सीमारेषेवर आहेत. प्रत्येकाला ए मिळू शकतो, म्हणून शिक्षक प्रत्येकाच्या नावापुढे ए लिहितो. प्रत्यक्ष परीक्षेत त्यातले चार घसरतात: कोणाचा प्रश्न चुकतो, कोणाला वेळ पुरत नाही. पण घसरणारे चार कोण हे शिक्षकाला आधी कसं कळणार? त्याचा एकेक अंदाज रास्त असतो आणि सगळ्यांची बेरीज मात्र अवाजवी येते. २०१९ मध्ये ए आणि तिच्याहून वरची ए-स्टार मिळून सुमारे २५ टक्के ग्रेड होत्या. शिक्षकांचे अंदाज जसेच्या तसे धरले असते तर हा आकडा ३८ टक्क्यांच्या आसपास गेला असता. गुणांची खिरापत वाटली असा आरोप झाला असता, आणि आधीच्या व पुढच्या वर्षांच्या मुलांवर तो अन्यायही ठरला असता.

म्हणजे दोन अन्यायांतून एक निवडायचा होता. एकूण प्रमाण बिघडू द्यायचं, की प्रमाण राखून काही मुलांना त्यांनी न लिहिलेल्या पेपरात खाली ढकलायचं? हा प्रश्न गणिताचा नव्हे. तो मूल्यांचा प्रश्न आहे, संसदेत उघडपणे मांडून वाद घालावा असा. पण तो मांडला गेला ‘प्रमाणीकरणाची पद्धत कोणती असावी’ या रूपात.

हिशेब कसा चालला

शाळांकडून प्रत्येक विषयासाठी दोन गोष्टी मागवल्या होत्या. एक, विद्यार्थ्याला परीक्षेत कोणती ग्रेड मिळाली असती याचा शिक्षकांचा अंदाज. दोन, एकाच ग्रेडमधल्या विद्यार्थ्यांची पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमवारी. क्रमवारीत दोघांना एकच क्रमांक देण्याची मुभा नव्हती. तुल्यबळ असलेल्या दोन मुलींपैकी एकीला वर आणि दुसरीला खाली टाकावंच लागे.

मग मॉडेलचं काम सुरू होई. त्या शाळेत त्या विषयात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत कोणत्या ग्रेड किती टक्के मुलांना मिळाल्या ते घ्यायचं. यंदाच्या मुलांनी सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत आधीच्या तुकड्यांपेक्षा बरं की वाईट केलं होतं ते पाहून ती वाटणी थोडी वरखाली सरकवायची. आणि तयार झालेल्या साच्यात मुलांना क्रमवारीने बसवायचं. बस्स. शिक्षकांनी अंदाजलेली ग्रेड पंधराहून मोठ्या तुकडीत कुठेच वापरली जात नव्हती. उपयोग होता तो फक्त क्रमाचा.

याचा अर्थ काय होतो ते एका कल्पित वर्गावर पाहू. एका सरकारी शाळेत इतिहासाला तीस मुलं आहेत. गेल्या तीन वर्षांत तिथे एकालाही ए-स्टार मिळालेला नाही आणि दरवर्षी साधारण एक जण ‘यू’ म्हणजे अनुत्तीर्ण झालेला आहे. यंदा पहिल्या क्रमांकावर शाळेने आजवर न पाहिलेली हुशार मुलगी आहे. तिच्यासाठी साच्यात ए-स्टारचा खणच नाही. जीसीएसईचं समायोजन झालं तरी ते सबंध तुकडीचं असतं, त्या एकटीचं नव्हे. आणि तिसाव्या क्रमांकावरच्या मुलाला शिक्षकांनी सी दिलेला असला, तरी यूचा खण कोणाला तरी भरावाच लागणार. तिच्या आधी त्या बाकांवर कोण बसलं होतं यावर तिचं भविष्य ठरतंय. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, ते इथे सूत्रात बसवलेलं होतं.

आता छोट्या तुकड्यांचा भाग. पाचपर्यंत मुलं असतील तर संख्याशास्त्र चालत नाही, हे ऑफक्वालला ठाऊक होतं. म्हणून तिथे शिक्षकांचीच ग्रेड कायम ठेवली. पाच ते पंधराच्या दरम्यान दोन्हींचं मिश्रण. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय अगदी बरोबर होता. पण पाच मुलांचे लॅटिनचे किंवा संगीताचे वर्ग असतात कुठे? बहुतांशी खासगी, भरपूर फी घेणाऱ्या शाळांत. शेकडो मुलांची सरकारी कॉलेजं त्या सवलतीत येत नव्हती. म्हणजे शिक्षकांच्या उदार अंदाजाचा फायदा ज्यांना आधीच सगळं लाभलेलं होतं त्यांना झाला. निकालाच्या दिवशी खासगी शाळांतलं ए आणि ए-स्टारचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ४.७ टक्के अंकांनी वाढलं, तर सिक्स्थ फॉर्म आणि फर्दर एज्युकेशन या मुख्यतः सरकारी कॉलेजांत ०.३ ने. कोणी बसून असं ठरवलं नव्हतं, आणि म्हणूनच हा आकडा जास्त बोचतो.

आणखी एक बारकावा, जो गदारोळात फारसा ऐकू आला नाही. हे मॉडेल कितपत अचूक आहे हे ऑफक्वालने २०१९ च्या निकालांवर चालवून तपासलं होतं. पण २०१९ मध्ये शिक्षकांनी क्रमवारी दिलेलीच नव्हती. मग चाचणीसाठी क्रमवारी आणली कुठून? त्या वर्षीच्या प्रत्यक्ष परीक्षेतल्या गुणांवरून. ज्या उत्तराचा अंदाज बांधायचा त्याचाच एक तुकडा आधी हातात घेऊन केलेली ही चाचणी. खऱ्या वापरात क्रमवारी तितकी नेमकी असण्याची शक्यता नव्हती.

१३ ते १७ ऑगस्ट

इशारा मिळालेला होता. स्कॉटलंडमध्ये ४ ऑगस्टला अशाच पद्धतीने निकाल लागले. तिथे हायर या ए-लेव्हलसारख्या शालेय परीक्षेच्या उत्तीर्णतेचं प्रमाण सर्वांत वंचित भागांत १५.२ टक्के अंकांनी कापलं गेलं होतं, सर्वांत सुस्थितीतल्या भागांत ६.९ ने. आठवड्याभरात तिथल्या सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी माफी मागितली आणि शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी शिक्षकांच्या ग्रेड परत दिल्या. लंडनने यातून धडा घेतला तो अर्धामुर्धा: निकालाच्या तोंडावर विल्यमसन यांनी सराव परीक्षेच्या गुणांवर अपील करता येईल अशी घोषणा केली. ते कसं करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

१३ ऑगस्टला निकाल लागला. सात लाखांहून अधिक ग्रेडपैकी ३९.१ टक्के शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या; म्हणजे सुमारे २ लाख ८० हजार. त्याच दिवशी ऑफक्वालने मॉडेलचं सविस्तर विवरण प्रसिद्ध केलं, ३१९ पानांचं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी निकाल भक्कम आणि विश्वासार्ह असल्याचं सांगितलं.

अपिलाची वाट अरुंद होती. विद्यार्थ्याला स्वतः अपील करता येत नव्हतं, शाळेमार्फतच जावं लागे. तेही आकडेवारीत चूक असेल किंवा तुकडी असाधारण असेल तरच. ‘मला इतकी कमी ग्रेड मिळायला नको होती’ हे म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. १५ तारखेला ऑफक्वालने सराव परीक्षांबाबतचे अपिलाचे नियम जाहीर केले आणि त्याच रात्री मागे घेतले. त्याच दिवशी विल्यमसन यांची ‘द टाइम्स’मध्ये ग्वाही छापून आली होती, की माघार नाही आणि बदलही नाही. वेस्टमिन्स्टरमध्ये मुलं अल्गोरिदमला इंग्रजी शिवी हासडणारे फलक घेऊन उभी राहिली. सतरा-अठरा वर्षांची मुलं एका सूत्राविरुद्ध घोषणा देताहेत, हे दृश्य तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

१७ ऑगस्टला सरकारने घूमजाव केलं. शिक्षकांची ग्रेड किंवा हिशेबाची ग्रेड, जी जास्त असेल ती मिळेल. २० तारखेला आलेले जीसीएसईचे निकालही त्याच नियमाने लागले. पण चार दिवसांत अनेक विद्यापीठांच्या जागा भरल्या होत्या, आणि ग्रेड परत मिळूनही काहींना प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलावा लागला.

मग खापर फोडण्याचे दिवस. २५ ऑगस्टला ऑफक्वालच्या प्रमुख सॅली कोलियर पायउतार झाल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी जोनाथन स्लेटर यांना घालवण्यात आलं. त्याच दिवशी लेस्टरशायरमधल्या एका शाळेत मुलांसमोर बोलताना जॉन्सन म्हणाले की तुमचे निकाल एका ‘म्यूटंट अल्गोरिदम’मुळे, म्हणजे भलतंच रूप घेतलेल्या सूत्रामुळे, जवळजवळ रुळावरून घसरले होते. जणू सूत्राला आपोआप शिंगं फुटली. मंत्री जागेवरच राहिले, आणखी वर्षभर.

सूत्राने आज्ञा पाळली

मॉडेलने कोणताही विश्वासघात केला नव्हता. ३१ मार्चच्या पत्रात जे मागितलं होतं तेच त्याने दिलं. ए आणि ए-स्टारचं प्रमाण मागच्या वर्षापेक्षा दोन-अडीच टक्के अंकांनीच वाढलं, बाकी वाटणी ओळखीची. पत्राच्या निकषावर तो निकाल यशस्वी होता. सप्टेंबरमध्ये समितीसमोर टेलर यांनी कबूल केलं की असं काही लोकांना कधी पटेल असं मानणं हीच मूळ चूक होती. हे वाक्य प्रामाणिक आहे, पण चुकीची वेळ सांगतं. पटेल का, हे विचारण्याची संधी एप्रिलमध्ये होती.

विचारलंही होतं, असं ऑफक्वाल म्हणू शकतं. एप्रिलमध्ये दोन आठवडे जनमत मागवलं, बारा हजारांहून अधिक उत्तरं आली, प्रमाणीकरणाला तत्त्वतः पाठिंबा मिळाला. पण प्रश्न कसा विचारता यावर होकार अवलंबून असतो. ‘शाळाशाळांत ग्रेड समान मापाने मोजल्या जाव्यात का?’ याला कोण नाही म्हणेल? ‘तुमच्या मुलीची ग्रेड तिच्या शाळेच्या जुन्या निकालांवरून ठरवली तर चालेल का?’ असं विचारलं असतं तर त्या बारा हजारांनी वेगळं उत्तर दिलं असतं, अशी माझी खात्री आहे.

तज्ज्ञांचंही तसंच. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या ब्रिटनमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने एप्रिलमध्येच मदत देऊ केली होती. तिच्या दोन तज्ज्ञांकडून पाच वर्षं तोंड बंद ठेवण्याचा करार मागितला गेला, म्हणून ते ऑफक्वालच्या सल्लागार समितीत गेले नाहीत. जुलैत शिक्षण समितीनेही वंचित मुलांवर काय परिणाम होईल ते स्पष्ट करा, अशी मागणी केली होती. मॉडेलचा पूर्ण तपशील आला तो निकालासोबत, जेव्हा चर्चा करून काही बदलण्याची वेळ उलटली होती. पारदर्शकता ३१९ पानांची, पण एक दिवस उशिराची. टेलर त्याच काळात सरकारच्या सेंटर फॉर डेटा एथिक्स अँड इनोव्हेशन या विदा-नीतिमत्तेच्या संस्थेचेही अध्यक्ष होते, याचा उल्लेख टीकाकारांनी न करता सोडला असता तरच नवल.

मुलं जिंकली कशी

इथे मला जास्त रेंगाळायचं आहे, कारण पुढच्या प्रकरणांसाठी कामाचं आहे ते हे.

पहिली गोष्ट, सगळ्यांना एकाच सकाळी निकाल कळला. लाखो मुलांचा अनुभव एका दिवसात एकत्र आला म्हणून तो गाऱ्हाण्यांचा ढीग न राहता चळवळ झाला. दुसरी, निर्णय घेणारा एकच होता आणि त्याचा पत्ता माहीत होता. तिसरी, ३१९ पानं किचकट असली तरी वाचता येत होती. बाहेरच्या संख्याशास्त्रज्ञांनी ती चाळून छोट्या तुकड्यांचा आणि यूच्या खणाचा घोळ लगेच काढून दाखवला. आणि चौथी, माझ्या मते निर्णायक: हिशेबाच्या शेजारी ठेवायला दुसरं काहीतरी होतं. शिक्षकांनी यंत्राच्या आधी, यंत्र न पाहता ग्रेड लिहिलेली होती. मुलांना ती शाळेकडे मागता येत होती. ‘माझ्या शिक्षकांनी बी दिला, हिशेबाने डी दिला, हा फरक का?’ असा नेमका प्रश्न विचारता आला तो त्यामुळे. तो फरक मोजता आला म्हणूनच ३९.१ टक्के हा आकडा जन्माला आला, आणि सरकार त्या आकड्यापुढे झुकलं.

आता शाळा-कॉलेजांत जी यंत्रणा येते आहे तिच्यात या चारांपैकी किती उरतात ते पाहा. निबंध यंत्राने लिहिला आहे का हे ओळखणारी साधनं घ्या. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या टोफेल निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्रलिखित ठरवले. हा अन्याय २०२० पेक्षा सौम्य नाही. पण तो एका सकाळी होत नाही. इथे एक मुलगी, तिथे एक मुलगा, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या शिक्षकांसमोर बंद खोलीत बसून खुलासा करतात. आपल्यासारखे आणखी आहेत हे त्यांना कळत नाही, आणि वाचायला ३१९ पानं नसतात.

युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात प्रवेश, मूल्यमापन आणि परीक्षेतली देखरेख यांसाठीच्या प्रणालींना उच्च जोखमीच्या यादीत टाकलं आहे. वर्गात मुलांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय किंवा सुरक्षेचं कारण नसेल तर, बंदी आहे. ब्रिटन त्या कायद्याबाहेर. पण ऑफक्वाल २०२० विसरलेली दिसत नाही. एप्रिल २०२४ च्या तिच्या धोरणानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेने एकटीने गुण देणं नियमात बसत नाही. माणूस हवाच.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, ब्रिटिश सरकारने शिक्षकांना पाठाची आखणी आणि वह्या तपासणं यांत मदत करणारी साधनं घडवण्यासाठी ४० लाख पौंडांचा प्रकल्प जाहीर केला. शिक्षकांवरचा बोजा पाहता त्यात गैर काही नाही. मला खटकतो तो फक्त क्रम. २०२० मध्ये माणसाने आधी ग्रेड लिहिली, यंत्र नंतर आलं. नव्या साधनांत यंत्र आधी गुण सुचवणार आणि शिक्षक नंतर ते मान्य करणार असेल, तर कागदावर माणूस हजर राहील, पण यंत्राशेजारी ठेवून पाहण्याजोगं त्याचं स्वतंत्र मत उरणार नाही. मग कोणाची ग्रेड खाली आली हे मोजणार कशाच्या तुलनेत?

जानेवारी २०२१ मध्ये परीक्षा पुन्हा रद्द झाल्या तेव्हा विल्यमसन यांनी अल्गोरिदमपेक्षा शिक्षकांवर भरवसा ठेवू असं संसदेत सांगितलं. त्या वर्षी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून ए आणि ए-स्टारचं प्रमाण ४४.८ टक्क्यांवर गेलं. २०२३ पर्यंत ते २७.२ टक्क्यांवर आणलं गेलं, म्हणजे मार्च २०२० च्या पत्राला हवं होतं साधारण तिथेच. यंत्रणाही पुन्हा संख्याशास्त्राचीच: कोणत्या गुणांना कोणती ग्रेड हे ठरवताना मागच्या वर्षांचे निकाल विचारात घेतले जातात, आणि ते २०२० च्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. कोणीही फलक घेऊन रस्त्यावर आलं नाही. मुलांनी पेपर लिहिले होते, गुण त्यांच्या उत्तरांना मिळाले होते, आणि उत्तरपत्रिका परत मागवून पाहता येत होती.

म्हणून एखादी शाळा किंवा परीक्षा मंडळ गुण सुचवणारं साधन घेत असेल, तर त्याच्या अचूकतेची टक्केवारी मी दुसऱ्यांदा विचारेन. आधी विचारेन, की शिक्षकाने सूचना न पाहता दिलेले गुण काही उत्तरपत्रिकांपुरते तरी वेगळे नोंदवून ठेवता का, आणि ती नोंद विद्यार्थ्याने मागितली तर देता का.